शनिवारी दोन तास देतो म्हणालात, मग पुढे?

आमच्या स्वयंसेवक गटाचं पहिलंवहिलं काम म्हणजे जुने कपडे गोळा करणं. नऊजण होतो, सगळे सतरा-अठराचे. दोन रविवार दारोदार फिरलो, चौदा पोती भरली, टेम्पो ठरवला आणि एका निवारा केंद्राच्या दारात जाऊन उभे राहिलो. केंद्र चालवणाऱ्या ताई बाहेर आल्या. त्यांनी एका पोत्याची सुतळी सोडली. वरच बटणं गेलेला शर्ट आणि एकाच पायाचा मोजा. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अरे, निघण्याआधी एक फोन करायचात की." मग मागची खोली दाखवली. ती आधीच छतापर्यंत कपड्यांनी भरलेली होती. त्यांना खरं तर हवं होतं ते संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मुलांचा अभ्यास घेणारं कुणीतरी. आम्हा नऊजणांपैकी कुणालाही जमलं असतं. पण विचारलंच नव्हतं, त्यामुळे कळणार कुठून? पोती परत नेण्याचं भाडं आमच्याच खिशातून गेलं.

असं फक्त पोरसवदा गटांचंच होतं असं नाही. २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर किनाऱ्यांवर कुणालाच नको असलेल्या कपड्यांचे ढीग साचले होते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउन गावातल्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा जगभरातून तिथे ६० हजारांवर टेडी बेअर येऊन पडले. गावची वस्तीच तीस हजारांच्या आत. ती खेळणी ठेवायला गोदाम लागलं आणि लावायला माणसं. मदतकार्यात मुरलेली मंडळी याला 'दुसरी आपत्ती' म्हणतात. पहिली आधीच कोसळलेली असते, दुसरी आपण पाठवतो.

पुढे जे लिहिलं आहे ते त्या चौदा पोत्यांनंतर, चुका करत शिकलेलं. साधारण पंधरा ते बावीस वयाच्या आणि 'काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू' असं म्हणणाऱ्यांसाठी आहे. अशा मुलांना हाताशी घेणाऱ्या मोठ्यांनी वाचलं तरी हरकत नाही. त्यांच्यासाठीही मधेमधे दोन गोष्टी आहेत.

पायरी १: आधी फोन

संस्थेला फोन करून "आम्ही काही मदत करू का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "हो हो, या ना कधीही." हे सौजन्य झालं. यातून काम हाती लागत नाही. पलीकडचा माणूस घाईत असतो. तुमच्यासाठी काम शोधून काढणं हे त्याच्यासाठी आणखी एक काम असतं. म्हणून प्रश्न असा विचारा की त्याला पटकन उत्तर देता येईल. मी आता हे विचारतो:

"तुमच्याकडे असं कुठलं काम आहे जे नेहमी मागे पडतं?"

हा प्रश्न जादूचा आहे. समोरचा क्षणभर थांबतो आणि मग खरं सांगतो. देणगीदारांच्या पावत्या वहीतून संगणकावर चढवायच्या आहेत. ग्रंथालयातल्या दोन कपाटांची पुस्तकं तीन वर्षं लावलेली नाहीत. आजोबांना डॉक्टरकडे घेऊन जायला गाडी मिळते, पण तिथे रांगेत त्यांच्यासोबत बसायला माणूस मिळत नाही. यातलं एकही काम फोटोत चांगलं दिसत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडलेलं असतं.

त्यानंतर चार बारके प्रश्न. हे काम कुठल्या वारी, किती वाजता असतं? किमान किती महिने यावं लागेल? अडलं तर विचारायचं कुणाला? आणि आम्ही काय मुळीच करू नये? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. एका वृद्धाश्रमात आम्हाला सांगितलं होतं, कुणालाही "घरचे भेटायला कधी येतात?" असं विचारू नका. सांगितलं नसतं तर पहिल्याच दिवशी आमच्यातल्या कुणीतरी हमखास विचारलं असतं.

उत्तरं कागदावर लिहून घ्या. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात निम्मं विसरायला होतं.

पायरी २: आवडीच्या आधी तास मोजा

'तुमची आवड शोधा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा आहे असं नाही, पण मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. कारण मुलं गळतात ती बहुतेकदा आवड नसल्यामुळे नाही, वेळेचा अंदाज चुकल्यामुळे.

एक कागद घ्या, आठवड्याचे सात रकाने पाडा. कॉलेज, क्लास, प्रवास, घरची कामं, झोप, सगळं प्रामाणिकपणे भरा. रिकामे जे तास उरतील त्यांचे निम्मे करा. उरलं तेवढंच तुमच्याकडे आहे. कुणाचे चार तास निघतात, कुणाचा एकच. एक तास निघाला तर एका तासाचं काम शोधा. त्यात कमीपणा काही नाही. जाण्यायेण्याचा वेळही त्या तासातच धरायचा. दोन तासांच्या कामासाठी दोन तास प्रवास असेल तर ते चार तासांचं काम आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला ते जाणवणार आहे.

मग परीक्षांचे महिने वेगळ्या रंगाने खुणावा आणि पहिल्याच भेटीत संस्थेला सांगून टाका की या काळात मी येणार नाही. ऐनवेळी गायब होण्यापेक्षा आधी सांगितलेली सुट्टी कुणालाही चालते.

दर शनिवारी दोन तास म्हणजे सहा महिन्यांत पन्नासेक तास होतात. ऐकायला फार नाही. पण नव्या माणसाला काम समजावून द्यायला संस्थेतल्या कुणाचे तरी दोन-तीन तास जातात. तुम्ही तीनदा येऊन थांबलात तर हिशेबाने तुम्ही त्यांना मदत केलेली नसते, त्यांनी तुम्हाला केलेली असते.

जाता जाता एक सांगतो. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १९८५ मध्ये ठरवला. १२ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय युवा दिन. अशा दिवशी संस्थांच्या दारात हातांना तोटा नसतो. तुम्हाला खरंच उपयोगी पडायचं असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा.

पायरी ३: घराबाहेर पडता येत नसेल तर

घरून परवानगी नाही, प्रवास लांबचा आहे, तब्येत साथ देत नाही, किंवा अनोळखी माणसांत बोलायचीच भीती वाटते. यातलं काहीही असलं तरी दार बंद होत नाही.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्तोप्रिन्सचा उपयोगी पडेल असा तपशीलवार नकाशाच हाताशी नव्हता. जगभरातल्या शेकडो लोकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहचित्रांवरून रस्ते, इमारती आणि लोकांनी उभारलेल्या छावण्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर रेखाटल्या, आणि बचाव पथकं ते नकाशे वापरू लागली. त्यातूनच मानवतावादी कामासाठी नकाशे करणारी स्वयंसेवकांची वेगळी संघटना उभी राहिली, आणि ती आजही काम करते. पद्धत सोपी आहे. नकाशाचे चौकोन पाडलेले असतात. तुम्ही एक चौकोन घ्यायचा, त्यातली घरं आणि रस्ते रेखायचे, काम पूर्ण झाल्याची खूण करायची. दुसरा कुणीतरी ते तपासतो. सुरुवातीला तुमची घरं तिरकी येतील, तपासणारा तसं कळवेल. मनाला लावून घेऊ नका.

'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांना चित्रं ओळखायला, जुने कागद वाचायला मदत करता येते. त्याची सुरुवात २००७ च्या 'गॅलेक्सी झू'पासून झाली. लाखो दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांची, चित्रं लोकांनी आकारानुसार वेगळी करायची होती. त्याच कामात हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी चमकता डाग दिसला. हे काय आहे, एवढंच तिने विचारलं. खगोलशास्त्रज्ञांनी असं काही आधी पाहिलेलं नव्हतं.

'बी माय आइज' हे २०१५ पासूनचं अ‍ॅप. अंध किंवा अंधुक दिसणारी व्यक्ती व्हिडिओ कॉल लावते आणि तुम्ही तिचे डोळे होता: डब्यावरची तारीख वाचा, दोन मोज्यांचा रंग जुळतो का सांगा. काम मिनिटा-दोन मिनिटांचं. आणि मराठीत लिहिता येणाऱ्यांसाठी मराठी विकिपीडिया आहेच, २००३ पासून. तिथे नवा लेख लिहिण्याआधी जुन्या लेखांतलं शुद्धलेखन आणि तुटलेले संदर्भ दुरुस्त करून हात बसवा.

घरबसल्या कामाला एकच तोटा आहे: तुम्ही आला नाहीत तर कुणी वाट पाहत नाही. म्हणून तारीख-वार ठरवूनच बसायचं.

पायरी ४: संस्था पारखून घ्या

संस्था तुम्हाला विचारते, तसं तुम्हीही तिला विचारायचं. नोंदणी आहे का, वर्षाचा जमाखर्च पाहायला मिळतो का, स्वयंसेवकांची जबाबदारी नेमकी कुणाकडे आहे. "आम्ही सगळे मिळून बघतो" हे उत्तर मिळालं तर सावध व्हा. सगळे म्हणजे कुणीच नाही. मुलांसोबत काम असेल तर मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम आहेत का हे विचाराच. त्यात एक नियम बहुतेक चांगल्या संस्थांत असतो: कुठलाही मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत एकटे राहणार नाहीत. हा नियम मुलाचं रक्षण करतो आणि तुमचंही. तुम्ही स्वतः अठराच्या आतले असाल तर आईवडिलांची लेखी संमती मागणारी संस्था कटकटी आहे असं समजू नका, ती नीट चालणारी आहे.

अनाथाश्रमात आठवडाभर जाऊन मुलांशी खेळून येणं हे अनेकांना सर्वात मोठं पुण्यकर्म वाटतं. मला ते पटत नाही. युनिसेफसारख्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की अशा ठिकाणच्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. त्या मुलांना गरज असते टिकणाऱ्या माणसाची. दर आठवड्याला नवा दादा, नवी ताई येते, लळा लावते आणि जाते. आपण हळवे होऊन घरी परततो आणि मूल पुन्हा एकदा कुणाच्या तरी जाण्याला सामोरं जातं. त्यापेक्षा त्याच संस्थेच्या कार्यालयात बसून कागदपत्रं लावा, किंवा मुलांना घरी परत पाठवण्याचं, पालकांना आधार देण्याचं काम करणाऱ्या संस्थेचा हात धरा. स्वयंसेवक म्हणून येण्यासाठीच भरमसाट पैसे मागणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहिलेलं बरं.

रक्तदानाचं थोडक्यात. बहुतेक देशांत किमान वय अठरा आणि वजन साधारण पन्नास किलो लागतं. त्यात बसत नसलात तर शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसा, किंवा रक्त दिल्यावर माणूस दहा-पंधरा मिनिटं निवांत बसतो तिथे गप्पा मारायला थांबा. पहिल्यांदा रक्त देणाऱ्याचा चेहरा पाहिलात तर या गप्पांची किंमत कळेल.

पायरी ५: पहिला दिवस

इथे जरा थांबतो, कारण सगळं खरं शिक्षण इथेच होतं.

आमचा गट पुढे अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागला. काम अगदी सोपं वाटलं होतं. वाचता तर येतंच. आमच्यातल्या सर्वात चांगल्या आवाजाच्या, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेल्या मुलाने भूगोलाचा एक धडा वाचला. झकास वाचला. पुढच्या शनिवारी ज्याच्यासाठी तो वाचला होता तो विद्यार्थी आला आणि म्हणाला, "दादा, आवाज छान आहे तुझा. पण तू म्हणतोस 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे', आणि पुढे जातोस. काय दाखवलंय?"

खोलीत शांतता. आम्हा कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही त्यालाच शिक्षक केलं. त्याने शिकवलेलं असं. धडा सुरू करण्याआधी पुस्तकाचं नाव, इयत्ता, प्रकरण आणि पान क्रमांक बोलायचा. नवं पान आलं की पान क्रमांक पुन्हा. आकृती आली की आधी "आकृती सुरू" म्हणायचं, ती कसली आहे ते एका वाक्यात सांगायचं, मग डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली, एकच क्रम धरून वर्णन करायचं आणि शेवटी "आकृती संपली". तक्ता असेल तर आधी रकान्यांची नावं, मग ओळीमागून ओळ. परका शब्द आला की त्याचं स्पेलिंग. भावना ओतून वाचायचं नाही; अभ्यासाचं पुस्तक म्हणजे नाट्यवाचन नव्हे, त्याला ते दुप्पट वेगाने ऐकायचं असतं. फोन एअरप्लेन मोडवर, माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. पंखा बंद. उन्हाळ्यात हे शेवटचं कलम सगळ्यात जड गेलं.

त्याच मंडळींसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून बसायचं असेल तर वेगळी शिस्त लागते. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, सांगितला तर पुन्हा वाचायचा, आणि तो सांगेल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय असं दिसलं तरी श्वाससुद्धा वेगळा घ्यायचा नाही, कारण त्याला तेवढ्यानेही कळतं. परीक्षेआधी एकदा तरी सोबत सराव करा: तो स्वल्पविराम कसा सांगतो, परिच्छेद कुठे हवा हे कसं खुणावतो. लेखनिकाचं वय-शिक्षण किती असावं याचे नियम परीक्षेगणिक वेगळे असतात, ते आधी लेखी मागून घ्या.

तुमचं काम वाचनाचं नसेल. पण त्या मुलाने विचारलेला प्रश्न प्रत्येक कामात कुठेतरी असतोच. ज्याच्यासाठी करतोय त्याला पहिल्या पंधरा दिवसांत विचारायचं: "यातलं काय उपयोगी पडतंय, काय नाही?" उत्तर बोचेल. बदल करा आणि पुन्हा विचारा.

पायरी ६: गट बांधा, पण छोटा

चार ते सहा जण पुरेत. तीसजणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "मी येतो" म्हणणारे बावीस असतात आणि येतात पाच. सहाजणांच्या गटात कोण आलं नाही ते दिसतं.

जोड्या लावा. आपण आजारी पडलो तर जाणारा कोण, हे प्रत्येकाला ठाऊक हवं. निरोप आदल्या रात्री नऊच्या आत, थेट जोडीदाराला फोन करून. ग्रुपवर टाकलेला निरोप म्हणजे न दिलेला निरोप. हजेरीची एक वही ठेवा. हो, कागदाची. कोण आलं, किती वाजता, काय झालं, काय राहिलं, एवढ्या चार रकान्यांची. वहीमुळे कुणाला पकडायचं नसतं. तीन महिन्यांनी आपण काय केलं हे पाहायला मिळतं, आणि शेवटच्या रकान्यात तेच ते काम पुन्हा पुन्हा दिसलं की कुठे अडतंय ते कळतं.

जो मुलगा प्रमाणपत्रासाठी आलोय असं उघड सांगतो, त्याच्यावर नाक मुरडू नका. आमच्याकडचा सर्वात नियमित मुलगा प्रमाणपत्रासाठीच आला होता. ते मिळाल्यावरही तो दोन वर्षं येत राहिला.

पायरी ७: पैसे गोळा करणार असाल तर

१९९८ मध्ये कॅनडातल्या रायन रेलजॅक या सहा वर्षांच्या मुलाला शाळेत कळलं की आफ्रिकेत मुलांना पाण्यासाठी मैलोन् मैल चालावं लागतं आणि ७० डॉलरमध्ये विहीर होते. त्याने घरातली जास्तीची कामं करून महिनोन् महिने ते पैसे जमवले. घेऊन गेला तेव्हा कळलं, ७० डॉलरमध्ये हातपंप येतो. विहीर खणायला सुमारे २,००० लागतात. "मग आणखी कामं करतो," म्हणाला. १९९९ मध्ये युगांडातल्या एका प्राथमिक शाळेजवळ ती विहीर झाली.

या गोष्टीत लोकांना मुलाची जिद्द दिसते. मला त्याबरोबर हिशेबही दिसतो. पहिला आकडा चुकीचा होता, तो वेळेवर दुरुस्त झाला आणि सगळ्यांना उघड सांगितला गेला. तुम्हीही आधी संस्थेकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या, मगच लोकांना आकडा सांगा.

नियम थोडे, पण त्यात सूट नाही. पैसे गटातल्या कुणाच्या खासगी खात्यावर घ्यायचे नाहीत. थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या आणि पावती संस्थेने द्यावी. रोख आलीच तर मोजायला दोघं, आकड्याखाली दोघांच्या सह्या, आणि त्याच दिवशी जमा. मोहीम संपल्यावर पंधरा दिवसांत किती आले, कशावर गेले, किती उरले हे देणाऱ्या प्रत्येकाला कळवा, अगदी ज्याने नाणं टाकलं त्यालाही. गटाच्या चहापाण्याचा खर्च त्यातून करायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी अनुभवाने लिहितोय. रक्कम क्षुल्लक होती, पण त्यावरून झालेलं भांडण चार महिने पुरलं.

फोटोंचंही इथेच सांगतो. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा चेहरा एकाच चौकटीत नको. मुलांचे, रुग्णांचे चेहरे परवानगीशिवाय नकोत, आणि परवानगी मागताना "नाही म्हटलंत तरी काही फरक पडणार नाही" हे आधी सांगा. लावलेलं कपाट, भरलेली वही, रिकामा झालेला कोपरा यांचे फोटो काढा की हवे तेवढे.

पायरी ८: नुसते हात पुरवू नका, बैठकीत बसा

तरुणांना बोलावलं जातं ते बहुतेकदा खुर्च्या मांडायला, बॅनर धरायला आणि शेवटी ग्रुप फोटोला. कामं लागतातच, मीही खुर्च्या मांडल्या आहेत. पण तेवढंच असेल तर ते ओळखायला शिका. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्याने सहभाग मानलंच नाही: मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरतं प्रतिनिधित्व. गंमत म्हणजे सर्वात वरची पायरी 'मुलं एकटीच सगळं करतात' ही नाही. ती आहे, कल्पना मुलांची आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम तर सांगतं की आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा मुलांना हक्क आहे आणि वय-समजुतीप्रमाणे त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. हे कलम घेऊन कुणाशी भांडायला जाऊ नका, पण माहीत असू द्या. प्रत्यक्षात दोन-तीन महिने नियमित आल्यानंतर इतकंच म्हणा: "ताई, पुढच्या आठवड्याचं ठरवायला बसाल तेव्हा आमच्यातला एकजण बसला तर चालेल का?" हजेरीची वही सोबत न्या. तिच्या शेवटच्या रकान्यात जे साचलंय, तोच तुमचा मुद्दा.

आणि मोठ्यांनो, मुलांना बैठकीला बोलवायचंच असेल तर दोघांना बोलवा. एकटं मूल मोठ्यांच्या खोलीत बोलत नाही. बैठक कॉलेजच्या वेळेत ठेवली असेल तर ती तुम्ही त्यांच्यासाठी ठेवलेलीच नाही.

पायरी ९: जड गोष्टी

कधीतरी कुणीतरी तुम्हाला असं काही सांगेल की रात्री झोप लागणार नाही. मारहाण, जगावंसं न वाटणं, घरातला त्रास. "कुणाला सांगणार नाहीस ना?" असंही विचारलं जाईल. तसं वचन देऊ नका. शांतपणे म्हणा, "मला सांगितलंस हे चांगलं केलंस. पण यात मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल." त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार माणसाला सांगा, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही नाही, गटातही नाही. स्वतः तपास करायला, समजूत घालायला जाऊ नका. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर उद्यावर ढकलू नका.

स्वतःचंही बघा. एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही, आपला घरचा पत्ता द्यायचा नाही, उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. काम संपल्यावर दहा मिनिटं गटाने बसायचं आणि आज काय खटकलं ते बोलायचं. आमच्याकडे ही दहा मिनिटं सुरुवातीला टाळली जायची. नंतर लोक तेवढ्यासाठी थांबायला लागले.

पायरी १०: सोडून जाताना

तुम्ही कधीतरी सोडणार आहात. शिक्षण संपतं, गाव बदलतं, नोकरी लागते, किंवा नुसता कंटाळा येतो. कंटाळा हेही कारण आहे, त्यासाठी आजी आजारी पाडायची गरज नाही. वाईट असतं ते एका शनिवारी न येणं, मग दुसऱ्या, मग फोन न उचलणं.

महिनाभर आधी सांगा. तुमच्या जागी येणाऱ्याला दोन वेळा सोबत घेऊन काम दाखवा. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना स्वतः भेटून सांगा की अमुक तारखेनंतर मी येणार नाही. लहान मुलं आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर हे टाळू नकाच. "येत जाईन अधूनमधून" असं म्हणायचा मोह होतो. खरंच येणार नसाल तर म्हणू नका.

आणि एका पानाचं टिपण लिहून ठेवा. आमच्या वाचनगटाची अशी वही आहे, सोडून जाणारा प्रत्येकजण तिच्यात एक पान भरतो. किल्ली कुणाकडे असते, माइकची कुठली वायर ढिली आहे, विज्ञानाच्या पुस्तकातले कुठले तक्ते वाचायला कठीण जातात. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेल्या त्या मुलाच्या पानावर सगळं नीट क्रमाने लिहिलेलं आहे. सर्वात वर, लाल पेनने अधोरेखित केलेली ओळ आहे: "आकृती आली की थांब."